ऱ्हीओची जांभळी साल: निम्म्या पेशी कुठे सुटतात?

मंडळी, ऱ्हीओचा आकडा मिळाला. साखरेच्या ०.२४ मोलर द्रावणात (मोलर म्हणजे एका लिटरमागे विरघळलेल्या रेणूंचं माप) सालीतल्या साधारण निम्म्या पेशींचा रससंकोच होतो, म्हणजे पाणी बाहेर जाऊन पेशीचा आतला भाग आकसतो आणि बाहेरच्या कडक आवरणापासून, भित्तिकेपासून, सुटतो. मिठाच्या द्रावणात तेच ०.१३ मोलरच्या आसपास घडतं. म्हणजे रेणू मोजले तर मीठ साखरेच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त लागतं. या फरकाच्याच मागे मी इतके आठवडे होते, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ऱ्हीओ मुंबईत शोधावा लागत नाही. वरून हिरव्या, खालून जांभळ्या, तलवारीसारख्या पानांचं हे झाड सोसायटीच्या कुंपणाकडेला हमखास लावलेलं असतं. पान उलटं करून तिरकं फाडलं की खालचा जांभळा पापुद्रा सुटून येतो. रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीतल्या, रसातच विरघळलेला असतो, त्यामुळे वेगळं रंजक लागत नाही. लाल कांद्यावरही हे जमतं, पण कांद्याचा प्रत्येक थर वेगळा वागतो. आकडा काढायचा तर ऱ्हीओच बरा.

मिठासाठी केमिस्टकडची सलाइनची बाटली वापरली. ती ०.९ टक्के असते, म्हणजे ०.१५४ मोलर, आणि घरच्या काट्यावर मीठ तोलण्यापेक्षा कितीतरी अचूक. पाच भाग सलाइनला एक भाग डिस्टिल्ड वॉटर घातलं की ०.१२८ मोलर होतं. साखर मात्र तोलावीच लागते: ८.२ ग्रॅम घेऊन एकूण द्रावण १०० मिली केलं की ०.२४ मोलर. पापुद्र्याचे तुकडे द्रावणात अर्धा तास ठेवायचे आणि मगच मोजायला घ्यायचं.

मोजायला शेजारची दहावीतली मुलगी बसली. कुठल्या वाटीत काय आहे हे तिला सांगितलं नव्हतं. पहिल्याच स्लाइडवर तिने विचारलं, "काकू, एकच कोपरा सुटलाय, ही धरू का?" धरायची. एक कोपरा जरी भित्तिकेपासून सुटला तरी ती पेशी रससंकोचात मोजायची, असा नियम आम्ही तिथेच पक्का केला. तो कोपराच खरा महत्त्वाचा असतो. भरलेल्या पेशीत जांभळा रंग भित्तिकेला चारी बाजूंनी टेकलेला असतो. द्रावण जरा तीव्र झालं की आधी कोपरे गोलसर होतात, मग एका बाजूला चंद्रकोरीएवढी रंगहीन फट दिसते. आतला रंग गडद होत जातो, कारण रंगद्रव्य तेवढंच राहतं आणि पाणी तेवढं बाहेर जातं. त्या फटीत पोकळी नसते, बाहेरचं द्रावण शिरलेलं असतं. भित्तिका त्याला अडवत नाही, अडवतं ते आतलं प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीच्या जिवंत भागाभोवतीचा पातळ पडदा.

पण निम्म्या पेशी सुटतात तोच बिंदू का धरायचा? तिथे सरासरी पेशीचा भित्तिकेवरचा दाब शून्यावर आलेला असतो आणि बाहेरच्या द्रावणाची परासारी तीव्रता (पाणी ओढून घेण्याची ताकद) आतल्या रसाइतकी असते. ०.२४ मोलर साखरेचा परासरण दाब, म्हणजे या ओढीचं दाबातलं माप, आपल्या हवेच्या तापमानाला साधारण ६ वातावरण (हवेच्या दाबाच्या सहापट) भरतो. हीच पेशी शुद्ध पाण्यात ठेवली तर भित्तिकेवर जवळपास तेवढा दाब येतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन वातावरण हवा भरतात, त्यावरून अंदाज घ्या. भित्तिका नसलेली आपली तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुटते ती यामुळेच.

आता मीठ-साखरेचं. हा प्रयोग नेमक्या याच झाडावर झालेला आहे. १८८४ मध्ये डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी वेगवेगळ्या पदार्थांची अशी तुलना केली तेव्हा त्यांच्या वनस्पतींत ऱ्हीओही होता, त्या वेळच्या ट्रॅडेस्कॅन्शिया या नावाने. क्षारांचा परिणाम साखरेपेक्षा बराच जास्त येतो हे त्यांना पानांवरच दिसलं. अॅमस्टरडॅममधले त्यांचे सहकारी, रसायनशास्त्रज्ञ वान्ट हॉफ यांनी परासरण दाबाचा नियम मांडला, पण क्षार त्यात बसेनात. १८८७ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अर्‍हेनियस यांनी कारण सांगितलं: पाण्यात मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात. पाण्याच्या दृष्टीने कण कोणता हे गौण, किती हे महत्त्वाचं. माझा आकडा बरोब्बर निम्मा येत नाही, कारण आयन एकमेकांना ओढतात आणि दोन कणांचा परिणाम पुरता दोनाइतका होत नाही. ०.१२८ ची दुप्पट ०.२५६, प्रत्यक्षात साखर ०.२४. कुंपणाकडेच्या पानाने हे दाखवावं याचा मला खरोखर आनंद झाला.

पाणी आत-बाहेर जातं ते थोडं थेट पटलातून, पण मुख्यतः अॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटांनी. या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर अॅग्र यांना २००३ चं नोबेल मिळालं. समतोल झाल्यावरही पाण्याची ये-जा थांबत नाही, दोन्ही बाजूंनी सारखी चालू राहते एवढंच.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने डोळ्यांनी पाहावी. चांगला रससंकोच झालेली पेशी सूक्ष्मदर्शकाच्या ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली घ्या, खालून येणाऱ्या प्रकाशाची, कंडेन्सरची, झडप बरीच मिटा आणि फाइन फोकस अगदी हळू फिरवा. आकसलेल्या गोळ्यापासून भित्तिकेपर्यंत केसाहून बारीक धागे ताणलेले दिसतात. हे हेक्टचे धागे. पटल भित्तिकेपासून सुटतं तेव्हाही जागोजागी तिला चिकटून राहतं. फोनने फोटो नीट येत नाही, डोळ्यालाच दिसतात.

तहानलेल्या कुंडीतल्या पानाचा आकडा साखरेत ०.२४च्या वर गेला. तीच कुंडी आता पावसात ठेवली आहे, पुन्हा मोजेन. त्यानंतर ग्लिसरीन. ते पटलातून हळूहळू आत झिरपतं, त्यामुळे सुटलेली पेशी त्याच द्रावणात बसल्या बसल्या पुन्हा फुगायला हवी. साखरेत असं होत नाही. कोणी हे करून पाहिलं असेल तर किती टक्के ग्लिसरीन घेतलं आणि फुगायला किती वेळ लागला, तेवढं जरूर कळवा.