तिरकिट जुळेपर्यंत : मोसीसोबतचा हिवाळा

११ जानेवारी

मोसी गेल्या शनिवारी कुरणावरून पागेत आला. ऑक्टोबरात नाल काढून त्याला कळपात सोडला होता. अडीच महिने ना खोगीर, ना लगाम. आइसलँडमध्ये बहुतेक जण शरदात घोड्याला अशी पूर्ण सुट्टी देतात आणि इथली ही पद्धत मला मनापासून पटते. परत येतो तेव्हा घोडा केसांचा नुसता गठ्ठा असतो. बरगड्या डोळ्यांना दिसतच नाहीत, हात घालूनच चाचपाव्या लागतात. मोसीच्या सापडल्या, पण बोटं जरा दाबावी लागली. फीत लावून अंदाजे वजन काढलं तर ३६२ किलो. त्याच्या १३९ सेंटिमीटर उंचीला हे थोडं जास्तच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी त्याची ओळख: वय ९, खच्ची केलेला नर, उंदरी रंग, पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत काळी रेघ. या रंगाला इथे मोआउलोत्तुर म्हणतात आणि अशा घोड्याला मोसी हाक मारतात. म्हणजे आपल्याकडच्या ढवळ्या-पवळ्यासारखं, रंगावरून पडलेलं नाव. पुण्याहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "मोसी जेवला का?"

आमची पागा रेक्याविकच्या कडेला विदिदालुरमध्ये आहे. सहा घोडे, चार माणसं, चारा घालायच्या आणि लीद काढायच्या पाळ्या ठरलेल्या. सध्या सूर्य अकराला उगवतो आणि चारनंतर लगेच मावळतो, त्यामुळे नोकरी सांभाळून उजेडात रपेट फक्त शनिवार-रविवारी. बाकीच्या दिवशी त्याच्या पायांना चमकणाऱ्या पट्ट्या, माझ्या अंगात तसलंच जाकीट.

पहिले दोन आठवडे फक्त साधी चाल, रोज २० मिनिटं. नालबंद बुधवारी येऊन गेला. हिवाळी नाल ठोकले, बर्फावर घसरू नये म्हणून खिळ्यांचे. खुरात बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून नालाखाली चकत्याही बसवल्या.

१९ जानेवारी

या हिवाळ्याचं काम एकच: टोल्ट स्वच्छ करणं.

मोसी पाच चालींचा घोडा आहे. साधी चाल, दुडकी आणि दौड तर सगळ्याच घोड्यांना असतात. त्यावर टोल्ट आणि स्केइद या दोन. टोल्टमध्ये पाय पडण्याचा क्रम साध्या चालीचाच: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चारही ठोके समान अंतराने, आणि एक ना एक पाय कायम जमिनीवर. म्हणून स्वार उसळत नाही. स्केइदमध्ये एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडतात आणि मध्ये क्षणभर घोडा हवेत असतो. ती शर्यतीची चाल आहे, थोड्या अंतराची आणि भयंकर वेगाची.

आपल्याकडे तबला शिकणारं मूल जे बोलतं त्यात हे चटकन सांगता येतं. चांगला टोल्ट म्हणजे ति-र-कि-ट, चारही अक्षरांना सारखा वेळ. मोसीचा टोल्ट म्हणजे तिर… किट…, तिर… किट…. दोन-दोन ठोके चिकटतात, चाल स्केइदकडे झुकते आणि पाठ लाकडासारखी होते. इथे अशा रेंगाळत्या, चिकट चालीला लुल म्हणतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची रेवाल चाल ज्यांनी बसून अनुभवली आहे त्यांना हा फरक मांडीखाली लगेच कळेल.

यात मोसीचा दोष नाही. २०१२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी डीएमआरटी३ या जनुकातला एक बदल शोधून काढला. स्केइद करणाऱ्या घोड्यांत बहुतेक सगळ्यांकडे त्याच्या दोन प्रती सापडतात, आणि अशा घोड्यांना स्वच्छ दुडकी व दौड जड जाते. मोसीचे आईबाप दोघेही पाच चालींचे.

२ फेब्रुवारी

वाईट आठवडा. तरीही लिहिते, कारण हे लपवलं तर या नोंदींना अर्थ नाही.

शनिवारी आठ-दहा जण मिळून रोइदहोलारच्या लाल टेकड्यांकडे गेलो. पुढचे घोडे तेज. मोसी कळपातला घोडा, मागे राहायला तयार नव्हता. मीही त्याला थांबवलं नाही. वेग वाढला तसा टोल्ट मोडला, लुल सुरू झालं, आणि मी ते हाताने सुधारायला गेले. लगाम आवळला. त्याने मान वर घेतली, पाठ खाली टाकली, जीभ बाहेर काढली. चार किलोमीटर मी त्याच्या तोंडाशी भांडत होते. परत येऊन पाहिलं तर उजव्या ओठाचा कोपरा सोलला होता.

रात्री झोप लागली नाही. २०१२ च्या लांडस्मोतमध्ये, म्हणजे इथल्या राष्ट्रीय घोडेमेळ्यात, स्पर्धेतल्या घोड्यांची तोंडं पशुवैद्यांनी तपासली होती. जबड्याच्या ज्या भागावर दात नसतात तिथल्या जखमांचा संबंध कमानीच्या, दांड्या असलेल्या कडीशी (कडी म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात राहणारा भाग) सापडला, आणि २०१४ मध्ये तशा कड्या स्पर्धेतून बाद झाल्या. मोसीच्या तोंडात साधी, मधोमध दुमडणारी कडी आहे. पण हात जड असेल तर साधी कडीही दुखवते, हे आता मी स्वतः पाहिलं आहे.

पाच दिवस तोंडात काहीच घातलं नाही, फक्त मोहरकीने हातात धरून फिरवला. रोज अंगठा घालून हिरड्या तपासल्या. आत जखम नाही.

१० फेब्रुवारी

शेजारच्या पागेत एक बाई आहेत. स्कागाफ्योर्दुरच्या, म्हणजे घोड्यांच्याच मुलखातल्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी मोसीला रिंगणात दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "टोल्ट विसर. याला दुडकी येत नाही. आधी ती शिकव."

मला ते उलटं वाटलं. टोल्ट बिघडलाय तर टोल्टवर काम नको का? पण त्यांचा मुद्दा असा: लुल करणाऱ्या घोड्याचे एका बाजूचे पाय एकमेकांना बांधल्यासारखे झालेले असतात. दुडकीत तिरपे पाय जोडीने चालतात, म्हणजे बरोबर उलटी सवय. ती अंगात भिनली की पाठ सुटते आणि चार ठोक्यांना जागा मिळते. ज्याचा टोल्ट दुडकीकडे झुकतो त्या घोड्याला हा उपाय लागू नाही. ज्याचा स्केइदकडे झुकतो त्यालाच.

आणि दुसरं त्यांनी दाखवलं ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. मोसी ताणात असला की त्याची साधी चालही दोन ठोक्यांची होते. म्हणजे रोग तिथूनच सुरू होतो. आता खोगिरावर बसले की पहिली दहा मिनिटं मी काहीही मागत नाही. लांब लगाम, मान खाली, आणि मनात चार मोजत राहते. चार नीट ऐकू येईपर्यंत पुढे जायचं नाही.

२४ फेब्रुवारी

दुडकीची मोजदाद. पहिल्या दिवशी सलग ६ पावलं. मग ९. परवा ११. आज ४०!

काय उपयोगी पडलं ते सविस्तर सांगते.

दांडके: बंदिस्त रिंगणात चार लाकडी दांडके जमिनीवर, साधारण एक मीटर अंतराने. मोसीचं पाऊल लहान आहे, मोठ्या घोड्यांसाठीच्या मापाने ठेवलं तर तो उड्या मारतो. लुल करत दांडक्यांवरून जाणं त्याला अवघड होतं, म्हणून तो आपणहून पाय उचलतो आणि दुडकी सापडते. मला फक्त गप्प बसायचं असतं.

बर्फ: गेल्या आठवड्यात गुडघाभर भुसभुशीत बर्फ पडला. रोइदावात्नच्या बाजूला थोड्या चढाची एक वाट आहे, तिथे नेला. खोल बर्फात पाय ओढता येत नाही. एका फेरीत रिंगणातल्या चार दिवसांचं काम झालं. पण दम लवकर लागतो, म्हणून पाच मिनिटांच्या वर नाही.

माझं बसणं: दुडकीत मी वर-खाली होते, पाठीवर सगळं वजन टाकून बसत नाही. आजोबांकडे दौंडजवळ एक भीमथडी तट्टू होतं. ते म्हणायचे, मांड पक्की पाहिजे, पण जनावराच्या श्वासाला जागा ठेव. मी तेव्हा सात वर्षांची होते. मांड, तंग, रिकीब, खरारा हे शब्द त्यांच्याकडूनच मिळाले आणि पागेत मी मोसीशी याच शब्दांत बोलते.

आजोबांचा जुना चामडी लगाम पुण्याच्या घरी भिंतीवर आहे. तो मला इथे आणता येत नाही. आइसलँडमध्ये बाहेरचा घोडा येऊ शकत नाही, इथून गेलेला घोडाही परत येऊ शकत नाही, आणि वापरलेलं खोगीर-लगाम आणायला बंदी आहे. इथल्या घोड्यांनी बाहेरचे कित्येक आजार कधी पाहिलेच नाहीत, त्यांना फ्लूची लसही देत नाहीत. २०१० मध्ये खोकल्याची साथ आली तेव्हा देशभरातले घोडे आजारी पडले आणि त्या वर्षीचं लांडस्मोत पुढच्या वर्षावर ढकलावं लागलं. म्हणून डिसेंबरात सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहून आले तेव्हा बूट तिथेच मावसभावाला देऊन टाकले. कपडे धुऊन, निर्जंतुक करून आणले. लगाम भिंतीवरच बरा.

९ मार्च

चाऱ्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. मोसीला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गासड्यांचं ओलसर गवत मिळतं. रोज टांगत्या काट्यावर वजन करून, तीन वेळा विभागून. डोळ्यांच्या अंदाजाने घातलं की हमखास जास्त पडतं. गवतात पाणी किती यावर सगळं अवलंबून आहे. कोरडं धरलं तर मोसीला दिवसाला साडेपाच किलोच्या आसपास पुरतं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, जवळजवळ नाहीच, खनिजांपुरती मूठभर. मिठाचा दगड कायम. इथली जुनी माणसं घोड्याला खारवलेला हेरिंग मासाही घालतात. शेजारच्या बाई त्यांच्या घोड्यांना देतात. मोसीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

हा घोडा कमी चाऱ्यावर जगायला घडलेला आहे. जर्मनी-स्वीडनमध्ये आइसलँडी घोडे सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती: हिरव्यागार कुरणात त्याला मोकाट सोडू नका. खुरांची सूज एकदा आली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. आणि तिकडच्या चिलटांनी इथून गेलेल्या घोड्यांना खाज सुटते, ती वेगळीच. आइसलँडमध्ये ती चिलटं नाहीत, त्यामुळे इथे वाढलेल्या घोड्याला त्यांची सवयच नसते. पहिल्या उन्हाळ्यापासून अंगभर जाळीदार झूल घाला.

३० मार्च

पाडवा. सकाळी घरी गुढी उभारली, दुपारी पागेत गेले. लोआ पक्षी आले आहेत, म्हणजे इथल्या हिशेबाने वसंत आला. मोसी केस गाळतोय. खरारा एकदा फिरवला की मूठभर, तासभर फिरवला तरी संपत नाही. पाठीवर खोगिराच्या मागे दोन खपल्या सापडल्या, ओल धरून होतात तशा. केस कापून तो भाग कोरडा ठेवते आहे. हिवाळी केसात घाम आला की वाळायला दोन तास लागतात, तोवर लोकरी झूल. ओल्या अंगाने वाऱ्यात सोडायचा नाही, हा पागेतला नियम.

टोल्ट? महिनाभर मागितलाच नव्हता. आज एलिदावात्नच्या बाजूला सपाट, घट्ट वाटेवर साध्या चालीतून बसणं थोडं खोल केलं, लगाम किंचित उचलला आणि लगेच सैल सोडला. ति-र-कि-ट. बारा-पंधरा पावलं. मग तिर-किट व्हायला लागलं तसं मी लगेच साध्या चालीवर आणला. पुन्हा मागितला, पुन्हा मिळाला.

वेग साध्या चालीपेक्षा जरासाच जास्त. पूर्वी मी टोल्ट वेगात शोधत होते. तो इतका हळू असू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं.

१३ एप्रिल

फोन खिशात ठेवून टापांचा आवाज टिपला आणि घरी अर्ध्या वेगाने ऐकला. उजवीकडे वळताना ठोके समान. डावीकडे तिसरा आणि चौथा अजून जवळ येतात. म्हणजे त्याची डावी बाजू आखडलेली आहे, किंवा माझी. आरशासमोर लाकडी घोडीवर बसून पाहिलं तर माझी डावी कंबर आत मुडपते. फिजिओकडे वेळ घेतली आहे.

पुढच्या पायांना वजनाचे टापमोजे घालून पाहावेत का, असा विचार होता. स्पर्धेत २५० ग्रॅमपर्यंत चालतात आणि लुल करणाऱ्या घोड्यांना त्याने मदत होते. पण आधी माझी कंबर. तिचं काम मोसीच्या खुरांवर लादायचं नाही.

उन्हाळ्याचा पहिला दिवस

एप्रिलमधल्या या गुरुवारी सगळ्या देशाला सुट्टी असते. बाहेर चार अंश तापमान आणि आडवा पाऊस. मोसीचं वजन ३४८. ओठाच्या कोपऱ्याची खूण नीट पाहिली तरच दिसते.

आज त्याच लाल टेकड्यांकडे गेलो, त्याच वाटेने. फक्त दोघी, मी आणि त्या बाई, त्यांची म्हातारी घोडी पुढे. सपाटीवर बाईंनी वेग वाढवला. मोसीचे कान पुढे गेले. मी त्याला साध्या चालीवर ठेवला, घोडी वळणाआड जाईपर्यंत. तो थरथरला, एकदा मान झटकली, मग श्वास सोडला. तेव्हा टोल्ट मागितला. पुढच्या वळणापर्यंत, मोजून ११८ पावलं, दोन्ही लगाम एका हातात, सैल. वळण डावीकडचं होतं. तिथे बिघडला.

जूनच्या मध्यावर कुरण उघडेपर्यंत सात आठवडे आहेत. डावीकडची वर्तुळं, रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. नालबंद पुढच्या बुधवारी, खिळ्यांचे नाल काढून उन्हाळी नाल बसवायला.