बसऱ्याची पांढरी झिलई
आज दिवसभर लॅबमधे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसमोर होते, नवव्या शतकातल्या, इराकमधल्या बसऱ्याच्या वाडग्याचं नखाएवढं खापर, आणि स्क्रीनवर झिलईतले, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरातले, टिन ऑक्साइडचे (कथलाचे) कण चांदण्यांसारखे पांढरेशुभ्र उजळले ना, अंगावर काटाच आला!! खालची माती पिवळसर, चुनखडीची. तिथल्या कुंभारांना चीनमधून येणाऱ्या पांढऱ्या भांड्यांसारखं करायचं होतं पण तसली माती तिकडे नाही, मग झिलईतच कथील घातलं, ते कण प्रकाश विखुरतात आणि पिवळेपणा झाकला जातो. वर कोबाल्टची निळी नक्षी, कडेला जराशी पसरलेली. किती भट्ट्या वाया गेल्या असतील हे जमेपर्यंत! तिकडचीच फिरोजी झिलईची भांडी डहाणूपलीकडे संजाणच्या उत्खननातही सापडलीत, त्यावर सविस्तर लिहिणारे लवकरच.