धावण्याची नोंदवही: पहाटे पाचला पोटात काय टाकायचं?

या खेपेला बूट नाहीत, पेस (म्हणजे धावण्याचा वेग) नाही, नुसतं पोट. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत एकच गोष्ट लावून धरली होती: पहाटे निघण्याआधी खायचं की नाही, खायचं तर काय आणि किती आधी. घाईत असाल तर निष्कर्ष आधीच सांगते. तासाभराच्या आतलं निवांत धावणं असेल तर काही लागत नाही. चढ किंवा वेग असेल तर चार घास गोड. दीड तासाच्या वर असेल तर पेज. आणि या सगळ्यापेक्षा आदल्या रात्री किती वाजता आणि काय जेवलात, ते जास्त मोजतं.

वेळ आपल्या हातात नाही

घाटावरची मंडळी सकाळी सातला आरामात निघून नऊला परत येतात. रत्नागिरीत मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास वर येतो आणि साडेसातपर्यंत हवा अशी ओली होते की घाम अंगावरून वाळतच नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्याच पेसला नाडी वर जाते आणि आपण उगाच फिटनेसला दोष देत बसतो. भाट्यावर वाळूत धावायचं म्हटलं तर भरती-ओहोटीही बघावी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते, तेव्हा पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू रस्त्यासारखी लागते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळेला भरती, मग सुरुच्या बनाकडची भुसभुशीत वाळू नाहीतर सरळ डांबरी रस्ता.

म्हणजे निघायचं पाच-सव्वापाचलाच. आता खेळाडूंच्या आहाराचा नेहमीचा सल्ला पाहा: व्यायामाआधी एक ते चार तास, वजनाच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं. वेळ जितका कमी तितकं कमी खायचं. माझं वजन ५८ किलो. तासभर आधी खायचं तर साधारण ५८ ग्रॅम आणि त्यासाठी चारला उठायचं. तीन तास आधी पोटभर खायचं तर दोनला. सल्ला खोटा नाही, पण तो दुपारी मॅच खेळणाऱ्याच्या सोयीचा आहे.

एप्रिल-मे: रिकामं पोट

सुरुवात रिकाम्या पोटापासून केली, कारण गटातले निम्मे लोक तसेच धावतात आणि उरलेले निम्मे त्यांना चक्कर येऊन पडाल म्हणून घाबरवतात.

रात्रभर न खाल्ल्याने नेमकं काय रिकामं होतं, हे समजलं की बराच गोंधळ संपतो. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी साठवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम. झोपेत मेंदूला साखर पुरवते ती यकृताची कोठी, त्यामुळे पहाटे ती बरीच उतरलेली असते. स्नायूंची कोठी मात्र रात्री फारशी हलत नाही. पायांतलं इंधन जवळजवळ जसंच्या तसं असतं. म्हणून मांडवी ते भाट्ये पूल, पुढे झरी विनायकापर्यंत आणि परत, गप्पा मारत धावलं तर पोट रिकामं आहे हे कळतही नाही. उलट हलकं वाटतं.

फरक पडतो चढाला. भाट्ये सोडून पावसच्या रस्त्याने गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायला लागलं की जोर लागतो. जोर लागला की शरीर चरबीपेक्षा साखरेवर जास्त विसंबतं. रिकाम्या पोटी चढाचा पहिला टप्पा नेहमीसारखा जायचा. वरच्या वळणांवर मात्र पाय दुखत नसतानाही वेग टिकायचा नाही आणि डोकं कुरकुरायला लागायचं, परत फिरू या म्हणून. घड्याळावर फरक मोठा दिसत नाही, पण मनाला चांगलाच जाणवतो.

आता चरबीचं. रिकाम्या पोटी धावलं तर चरबी जास्त जळते, हे अर्धं खरं आहे. त्या तासाभरात इंधन म्हणून चरबीचा वाटा वाढतो, ते बरोबर. पण वजन कमी व्हायचं ते दिवसभराच्या हिशोबावर. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २० तरुणींवर चार आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या उपाशीपोटी, निम्म्या खाऊन, आठवड्यातून तीनदा तासभर कार्डिओ, दोन्हींकडे आहार कॅलरी बेतून दिलेला. वजन आणि चरबी दोन्हींकडे उतरली, दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. प्रयोग लहान आहे, मान्य. पण नुसतं वजन उतरावं म्हणून पोटाला चिमटा काढून धावणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायला हरकत नाही. रिकाम्या पोटी धावून आल्यावर दोनाऐवजी चार घावणे पोटात जात असतील तर कुठली चरबी आणि कुठलं काय.

जून: फणस आणि हापूस

मोसमातलं खाऊन बघायचं ठरवलं होतं. रात्री जेवणानंतर बरक्या फणसाचे गरे खाऊन पहाटे धावायला जाऊ नये. एवढंच लिहिते, समजणाऱ्याला पुरेसं आहे.

हापूस मात्र बहारदार. एक मध्यम आंबा म्हणजे साधारण २० ते २५ ग्रॅम साखर, तीही थोडी ग्लुकोज, थोडी फ्रुक्टोज आणि बरीचशी साधी साखर. धावताना चोखायची साखरेची महागडी जेल बाजारात मिळतात, ती याहून फार वेगळं काही देत नाहीत. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ओट्याशी उभ्या उभ्या चोखायचा, हात धुवायचे, निघायचं. पोटात जड नाही, ढेकर नाही. पाऊस सुरू झाला आणि आंबा संपला, ही त्याची एकच खोड.

मग केळं. दोन वेलची केळी म्हणजे साधारण २० ग्रॅम. बारमाही, स्वस्त, सालीसकट खिशात मावणारी, आणि चढाच्या दिवशी पुरेशी. गोड खाऊन अर्ध्या-पाऊण तासाने धावायला लागलं तर काहींची साखर सुरुवातीला एकदम खाली येते, हातपाय थरथरतात. बहुतेकांना ते जाणवतही नाही. ज्यांना जाणवतं त्यांनी सरळ वॉर्मअपच्या वेळी खावं. धावायला सुरुवात झाली की इन्सुलिन तसं उसळत नाही. मी आता केळी पुलाच्या अलीकडे स्ट्रेचिंग करतानाच खाते.

चहा-खारी हा आमच्या गटातला जुना धर्म, त्यामुळे जपून लिहिते. खारीत मैद्याइतकंच तूप किंवा डालडा बोलतो आणि चरबी पोटातून हळू सरकते. पाऊण तासाने चढावर ती खारी घशाशी येते. कोरा चहा किंवा कॉफी चालते. कॅफिनचा जोर चढायला पाऊण-एक तास लागतो, म्हणजे छोट्या धावण्यात तो घरी परतल्यावरच उपयोगी. कॉफीचा दुसरा फायदा असा की निघण्याआधी पोट साफ होतं. आरे-वारेच्या रस्त्यावर या फायद्याची किंमत कळते.

श्रावण-भाद्रपद: संकष्टीची दुसरी सकाळ

हे मुद्दाम नोंदवलं, कारण याबद्दल कुठे वाचायला मिळत नाही. संकष्टीला दिवसभर उपास आणि जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे साडेनऊ-दहाला. त्यात मोदक. दुसऱ्या दिवशी पाचला निघताना हिशोबाने यकृताची कोठी इतर दिवसांपेक्षा भरलेली असायला हवी. तशी ती असेलही. पण ओलं खोबरं आणि वरून तुपाची धार, हे सात तासांतही पुरतं खाली उतरत नाही. पहिले दोन किलोमीटर पोट वेगळं आणि मी वेगळी अशी धावत होते. पुढे मात्र पाय छान चालले, वेगाचा सरावही निभावला.

यावरून रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं. भात, आमटी, मासे असले तर कालवणातले, तळलेली तुकडी शक्यतो नाही. लाँग रनच्या आदल्या रात्री भाताची एक मूद जास्त. एवढ्या बदलाने पहाटेच्या प्रश्नाची धार निम्म्याने कमी झाली. पाचला काय खाऊ हा प्रश्न मुळात रात्री आठला सोडवायचा आहे.

ऑक्टोबर: पेज

गणपतीपुळ्याचा बेत ठरला तेव्हा केळ्यांनी भागणार नव्हतं. शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे करत पंचवीसेक किलोमीटर, त्यात आरे-वारेचे चढउतार. स्नायूंतलं ग्लायकोजेन नेटाच्या वेगाने दीड ते दोन तास पुरतं. पुढे जायचं तर यकृतही भरलेलं हवं आणि वाटेतही काही हवं.

मी ओट्स, पीनट बटर वगैरे विचार करत होते. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगो, पेज कर. तुझे आजेसासरे पेज पिऊन दिवसभर नांगर धरायचे, त्यांना कुणी ओट्स दिले होते?"

उकडे तांदूळ अर्धी वाटीभर, वजनावर ५० ग्रॅम. त्यातून साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. रात्री भरपूर पाण्यात शिजवून ठेवायचे, तांदूळ उमलून पाणी दाट होईपर्यंत. सकाळी चारला उठून कोमट करायची, मीठ जरा सढळ हाताने, आणि गुळाचा खडा तोंडात धरून प्यायची. गुळासकट ५५ ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे वरच्या हिशोबात चपखल. शिवाय कर्बोदकं, पाणी आणि मीठ एकाच भांड्यात. घाम ढाळायच्या आधी नेमकं हेच हवं असतं. तूप नाही, मेतकूट नाही, लोणचं तर नाहीच. वरची निवळ आधी प्यायची आणि शितं नंतर. उलट केलं तर शितांनीच पोट भरतं आणि पाणी उरतं.

प्यायल्यावर अंथरुणात परत पडायचं नाही, झोप लागते. मी बूट काढून ठेवते, बाटल्या भरते, सासूबाईंची फुलांची परडी दारात ठेवते. सव्वापाचला पोट शांत असतं. पहिल्या चढापर्यंत ते हलकंही झालेलं असतं.

वाटेसाठी कोकम सरबत: अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा टक्के, आणि चिमटीभर मीठ. याहून गोड केलं तर पोटात डुचमळतं. दीड-दोन तासांच्या धावण्याला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. उरलेली भर आंबापोळीने. ती चिकटते, दातांत बसते, पण उन्हात वितळत नाही आणि जिभेला वीट येत नाही. वारे सोडल्यावर पहिला तुकडा, नेवऱ्याच्या अलीकडे दुसरा. मागे याच रस्त्यावर जिथे मी चालायला लागायचे, तिथे यंदा हळू का होईना, धावत होते.

एक गंमत. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००४ मध्ये सायकलपटूंना कर्बोदकांचं पाणी नुसतं चूळ भरून थुंकायला दिलं. साधारण तासाभराच्या शर्यतीत ते जवळपास तीन टक्क्यांनी वेगवान झाले. पोटात काहीच गेलं नव्हतं. तोंडातूनच मेंदूला निरोप जातो की इंधन येतंय. पोट भरलेलं असलं की हा परिणाम पुसट होतो, असं पुढच्या काही अभ्यासांत दिसलं. पोटाची फार कुरबुर असलेल्यांनी रिकाम्या पोटी चढावर सरबताची चूळ भरून पाहावी. मला गोळपच्या वळणांवर फरक वाटला. मनाचा खेळ असेल तर तोही चालेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्या मधुमेहींनी वरचं रिकाम्या पोटाचं काहीही परस्पर करू नये. साखर धोकादायक खाली जाऊ शकते, कधी धावून झाल्यावर काही तासांनीसुद्धा. डॉक्टरांशी बोलून, निघण्याआधी साखर मोजून आणि खिशात ग्लुकोज ठेवूनच.

आणि बायकांसाठी: रोज रिकाम्या पोटी धावणं, वर दिवसभर कमी खाणं, यातून पाळी लांबायला लागली तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका. शरीराला ऊर्जा पुरत नाहीये. हाडंही त्यात झिजतात.

पुढे

थंडीत सूर्योदय सातच्या पुढे जाईल, हवा कोरडी होईल, तेव्हा साडेसहाला निघता येईल आणि पेजेला दीड तास मिळेल. तेवढ्या वेळात ७५ ग्रॅम तांदळाची पचते का, ते बघायचंय. नाचणीची आंबील रांगेत आहे, पण तिच्यात चोथा जास्त, म्हणून ती आधी छोट्या धावण्याला. राजेळी केळी उकडून घेण्याचं एकीने सुचवलंय. ती या रविवारी, भाट्ये ते पावस.