चाकूने कोरलेली चक्की

आज पुन्हा त्या फळीपाशीच अडकले. पवनचक्कीची नुसती बाह्यरेषा, नाव, 1792. सोळा वर्षांच्या पोराने, म्हणजे पुढे निसर्गचित्रांसाठी गाजलेल्या इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने, खिशातल्या चाकूने कोरलेली. चक्की वडिलांची, लाकूडही वडिलांचंच. तेच सकाळपासून खुपतंय.

इतकी वर्षं मी या वडिलांना, गोल्डिंग कॉन्स्टेबलला, जॉनच्या वाटेतला धोंडा मानत आले. फ्लॅटफर्डची पाणचक्की, डेडमची दुसरी, स्टूर नदीतून माल नेणाऱ्या बोटी, आणि पोराने आधी पाद्री व्हावं, ते नाही तर हा पसारा सांभाळावा हा हट्ट. चित्रकलेला होकार मिळेपर्यंत 1799 उजाडलं. कसा सुटसुटीत हिशोब होता! माझ्या टिपणांतला एकुलता एक खलनायक, तोही हातचा चालला.

कारण त्या पवनचक्कीवर वर्षभर राबणारा पोरगा काय बघत असेल? अख्खं लाकडी घर एका जाड खांबावर तोललेलं. वारा फिरला की मागचा लांब दांडा ढकलून घरच वाऱ्याकडे वळवायचं. उशीर झाला आणि वारा पाठीमागून शिरला, तर पाती उलट्या बाजूने दाबली जातात, ब्रेक धरत नाही, सगळं आडवं होऊ शकतं. पात्यांच्या जाळीवर कापड किती पसरायचं तेही आधीच ताडायला हवं. ते आवरायचं तर चक्की थांबवून एकेक पातं खाली आणावं लागतं. वादळ डोक्यावर आल्यावर कुठलं जमायला! मग जातं बेफाम सुटतं, पीठ तापतं, आणि वरून धान्य संपलं तर दगडावर दगड घासून ठिणग्या. ढगाकडे बघणं हा तिथे कामाचाच भाग.

पुढे 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्याने आकाशं रंगवली, तेव्हा कागदामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा. चक्कीवाल्याची वहीच की ही! भाऊ एब्रम म्हणायचा, जॉनने काढलेली चक्की फिरेल असं वाटतं, इतरांच्या फिरतीलच असं नाही.

म्हणजे ज्या वर्षांची मी हळहळ करत बसले, ती वाया गेलीच नव्हती? तरी होकार चार-पाच वर्षं आधी दिला असता तर… असो. दिला असता तर कदाचित लंडनमध्ये बसून दुसऱ्यांच्या चक्क्यांची नक्कल केली असती. गोल्डिंगला यातलं काही ठाऊक नसणार. त्याला पीठ वेळेवर हवं होतं.

1815 मध्ये घराच्या वरच्या खिडकीतून जॉनने वडिलांची परसबाग रंगवली. भाजीचे वाफे, कुंपणं, आणि मागे क्षितिजावर ती चक्की, नखाएवढी. पुढच्याच वर्षी गोल्डिंग गेला.

पाती कुठल्या बाजूला वळलीत ते भिंग लावून बघतेय. अजून नीट दिसत नाही.