तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी गेल्यावर उमेद कशी टिकवलीत?

उपवनला सकाळी फिरताना, सोसायटीच्या सभेनंतर चहाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न मला ठरलेला असतो. "पन्नाशी जवळ आल्यावर तुमची नोकरी गेली, तरी तुम्ही नवीन काम उभं केलंत. स्वतःला मोटिव्हेटेड कसं ठेवलंत?" अलीकडे विचारणारे बरेच जण तरुण असतात, ऐरोलीच्या आयटी पार्कातून एका छोट्याशा कॉलवर घरी बसलेले. "होतं हळूहळू" म्हणून मी वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर चहाच्या एका कपात मावत नाही. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

उत्तराची सुरुवात ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. मी स्वतःला मोटिव्हेटेड वगैरे काही ठेवलं नाही. उमेद माझ्यात नव्हतीच. जे काही हातून झालं ते त्या त्या वेळी कुणीतरी माझी वाट बघत होतं म्हणून झालं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत स्टोअर्सला, म्हणजे मालाच्या कोठारात होतो. बी.कॉम. होऊन लागलो आणि इन-चार्ज झालो. माल आला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद करायची, माल रॅकवर लावायचा, बिन कार्डावर, म्हणजे त्या मालाच्या साठ्याच्या कार्डावर चढवायचा, आणि वर्षअखेरीला कार्डावरचा आकडा नि रॅकवरची बेअरिंगं जुळत का नाहीत यावरून प्रोडक्शनवाल्यांशी भांडायचं. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. माझ्या लहानपणी ठाण्यात "मुलगा कंपनीत आहे" एवढं सांगितलं की स्थळ पक्कं व्हायचं. पुढे एकेक शेड रिकामी होत गेली. कुठे काचेच्या इमारती आल्या, कुठे टॉवर. आमचीही कंपनी त्यातच गेली. गेटवर नोटीस लागली, हिशेब मिळाला, संपलं. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, निम्म्या ठाण्याच्या घरात ही गोष्ट घडलेली आहे.

आता पैशाचं, कारण उमेदीच्या गप्पांमध्ये हे कुणी बोलत नाही. ग्रॅच्युइटी किती बसते ते आधी स्वतः काढून ठेवा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. ती 30 दिवसांत द्यायची असा कायदा आहे. आमच्यातल्या कित्येकांना हेही माहीत नव्हतं. मी ग्रॅच्युइटी आणि पीएफ वेगळ्या खात्यात टाकला आणि दर एक तारखेला त्यातून घरखर्चापुरते पैसे नेहमीच्या खात्यात वळवू लागलो. बायको म्हणाली, "आता स्वतःच स्वतःला पगार द्यायचा का?" हसली ती, पण दुसऱ्या महिन्यापासून तीच एक तारखेला आठवण करायला लागली. किती महिने निभेल हे कळलं आणि रात्री डोळा लागायला लागला. मोबाईलवर येणाऱ्या सुविचारांनी कधी लागला नव्हता. "पहाटे पाचला उठा, जग जिंका" सांगणारे व्हिडिओ पाठवणारे नातेवाईक तर मी सरळ म्यूट केले. पाचला उठून करू काय? काम सकाळी दहालाही नव्हतं.

बेकारीतला कठीण वेळ सकाळचा नसतोच. सकाळी पेपर असतो, भाजी असते, बँकेत एखादं काम निघतं. कठीण असते ती दुपार, दोन ते पाच. शेजारच्या घरात मालिकेचा पुन्हा दाखवलेला भाग चालू असतो, पंखा फिरत असतो आणि आपण या वेळी घरात असायला नको हे अंगात भिनलेलं असतं. त्या तीन तासांत मनात जे जे विचार यायचे ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, दुपारी घराबाहेर पडायची काहीतरी सोय करा. कुठलीही.

लिफ्टमध्ये कुणी "आज सुट्टी?" म्हणून विचारलं की सुरुवातीला मी "हो, जरा रजा" असं पुटपुटायचो. एकदा बायको बरोबर होती. ती पटकन म्हणाली, "कंपनी बंद झाली यांची, काम बघतायत." लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मात्र दोन-तीन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. त्यांच्या बहिणीच्या सोसायटीचा खजिनदार मुलाकडे पुण्याला गेला होता, हिशेब अर्धवट पडले होते आणि ऑडिटर तगादा लावत होता. "तुम्ही बी.कॉम. ना? जरा बघून द्याल का? देतील थोडेफार." पुढचं सगळं त्या दोन वाक्यांतून निघालं. गुपचूप बसलेल्या माणसाला काम सांगायला कुणी येत नाही, कारण त्याला कामाची गरज आहे हेच कुणाला माहीत नसतं.

ती सोसायटी वर्तकनगरची, जुनी, बिनलिफ्टची. दप्तर म्हणून माझ्या हातात काय आलं? एक फाटकं लेजर, पावती पुस्तकं, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोंबलेल्या बँकेच्या स्लिपा. सभासदांचा 'आय' नमुन्यातला रजिस्टर होता, पण वारलेल्या माणसांची नावं तशीच. मी स्टोअर्सचा माणूस. असा पसारा समोर आला की मला बरं वाटतं, हे त्या दिवशी मला नव्यानं कळलं. कार्डावर एक आणि रॅकवर भलतंच, हे तर आयुष्यभराचं दुखणं.

त्या हिशेबात 'सस्पेन्स' नावाचं एक खातं वर्षानुवर्षं पुढे ओढलेलं होतं. बँकेत पैसे जमा झालेले, पण कुणाचे ते कळत नाही म्हणून तिथे टाकलेले. मेंटेनन्स सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे रकमेवरून ओळख पटत नाही. आणि ऑनलाइन पैसे भरताना फ्लॅट नंबर लिहायची तसदी कोण घेतो! मी बँक स्टेटमेंटची एकेक ओळ घेऊन बसलो. दर तीन महिन्यांनी, साधारण त्याच तारखेला, एका अनोळखी नावाने रक्कम येत होती. दुसरीकडे तळमजल्यावरच्या एका आजींना थकबाकीच्या नोटिसा जात होत्या, वर व्याजावर व्याज चढत होतं, आणि आजींनी कमिटीशी बोलणं टाकलं होतं. त्यांच्या दारात जाऊन मी ते नाव वाचून दाखवलं. "हा आमचा जावई," आजी म्हणाल्या, "दुबईला असतो. तोच भरतो. मी सांगत होते ना यांना!" तेव्हाच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, थकबाकीवर व्याज लावता यायचं ते सरळव्याज आणि जास्तीत जास्त दरसाल 21 टक्के. इथे बाकीच नव्हती, आणि व्याज मात्र चक्रवाढीने चाललेलं. कमिटीने सगळं उलटवलं. सेक्रेटरी स्वतः जाऊन आजींना सॉरी म्हणून आले.

ते काम करताना आपण बेकार आहोत हे मी दुपारभर विसरलो होतो. पैसे फार मिळाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींचा फोन आला, "येताय ना? पुढची फाईल काढून ठेवलीय." मला उठवून बसतं केलं ते त्या "येताय ना?" ने. त्यात प्रेरणा वगैरे काही नव्हतं. फाईल टेबलावर काढून ठेवलेली होती आणि मी गेलो नसतो तर कुणाचीतरी पंचाईत झाली असती, एवढंच.

एकाची दोन, दोनाची चार अशी कामं वाढत गेली. ठाण्यात सोसायट्यांना तोटा नाही, आणि हिशेब धड ठेवणाऱ्यांची कायम वानवा. पण चार कामं झाल्यावर लक्षात आलं की नुसत्या अनुभवावर लोक "जरा बघून द्या" म्हणतात, कागद असला तर "तुमची फी किती?" म्हणतात. म्हणून सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी डिप्लोमाच्या परीक्षेचा फॉर्म भरला. सहा पेपर, प्रत्येकी शंभर गुणांचे, साधारण मे महिन्यात होतात, मराठीतून लिहिता येतात. जमाखर्च आणि लेखापरीक्षण सोडवता येत होतं. कायद्याची कलमं मात्र पाठ होईनात. सकाळी वाचलेलं कलम संध्याकाळी परकं वाटायचं. त्या वयात लिहायची सवयही गेलेली असते, तीन तास पेन धरून बोटं वाकडी होतात. सरावाला मी रोज एक उत्तर हाताने लिहून काढायचो.

घरी अभ्यास होईना म्हणून अभ्यासिकेत जागा घेतली. आजूबाजूला सगळी एमपीएससीची पोरं, मी एकटा चष्मेवाला काका. शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी जाताना रोज विचारायची, "काका, आज किती झालं?" तिला "काही नाही" सांगायची लाज वाटायची, त्या लाजेपोटी मी दोन कलमं जास्त करायचो. शिवाय कळव्याचा एक पतपेढीतला कारकून तीच परीक्षा देत होता. रविवारी संध्याकाळी आम्ही तलावपाळीला बसून एकमेकांचे ताळेबंद तपासायचो. तो चुका दाखवताना जरासुद्धा दयामाया करत नसे. तो येणार म्हणून मी ताळेबंद करायचो, मी येणार म्हणून तो. एकट्याने केला असता तर दोघांचाही अभ्यास दिवाळीआधीच बंद पडला असता.

त्या अभ्यासक्रमात सहकाराचा इतिहास येतो. पोरं तो पाठ करून टाकतात, मी त्यात रमलो. 1844 साली इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये विणकर आणि इतर कारागीर मिळून 28 जणांनी प्रत्येकी एक पौंड जमवून दुकान काढलं. काळ वाईट होता, यंत्रमागांनी हातमागाची मजुरी खाल्लेली, संप फसलेला. दुकानात माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. गावाने टिंगल केली असं सांगतात, आणि एवढ्या मालावर टिंगल होणारच. जगातली सहकारी चळवळ आपली वंशावळ ज्या दुकानाशी नेऊन जोडते ते हे. मला त्यातलं एकच जास्त भावलं. त्या 28 जणांपैकी एखाद्याला संध्याकाळी दुकानात जायचा कंटाळा आलाच असेल. पण पाळी त्याची होती, आणि बाकीचे सत्तावीस ओळखीचे होते.

पास झालो. नुसत्या डिप्लोमावर ऑडिटला लगेच मोकळीक मिळत नाही, अनुभवही बघतात, त्यामुळे काही काळ दुसऱ्या ऑडिटरच्या हाताखाली काढला. वयाने तो माझ्या पुतण्याएवढा. त्याला "सर" म्हणायला मला जड गेलं नाही, त्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. शेवटी तो मला "काका" आणि मी त्याला "साहेब" यावर तोडगा निघाला. कंपनीतल्या पगाराची बरोबरी व्हायला वर्षं लागली, आणि अजूनही ती दर महिन्याला होत नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, ऑडिट व्हायला हवं आणि 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा. त्यामुळे जून-जुलै जेवायला फुरसत नसते आणि नोव्हेंबरात फोन वाजत नाही. नोव्हेंबरातली दुपार अजूनही पहिल्या वर्षाइतकीच लांब असते. तेव्हा मी जुन्या सोसायट्यांची सभासद रजिस्टरं दुरुस्त करायची कामं मुद्दाम अंगावर घेतो. पैसे कमी मिळतात, पण सोमवारी कुठेतरी जायचं असतं.

ज्यांच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्यांना मी हे सगळं सांगत बसत नाही. त्यांनी मिळेल ती नोकरी धरावी आणि नवीन काम रविवारी करावं. आवडीचं काम शोधा, असा सल्ला ज्याचा हप्ता फिटलेला आहे तोच देतो. माझा फिटला होता, बायकोचा पगार चालू होता, मुलगी शिकून नोकरीला लागली होती. नवीन कामाचं श्रेय मला देताना लोक हे तीन आकडे विसरतात.

परवा माजिवड्याला एका तरुणाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता, दोन महिने घरी आहे. त्याला म्हटलं, जुलैत माझ्याकडे व्हाउचर तपासायला माणूस लागतो. बिल आहे का, सही आहे का, ठराव झालाय का, रक्कम जुळते का, एवढंच बघायचं. अकाउंट्स येत नसलं तरी चालेल, टेस्टिंगवाल्याला चुका शोधायची सवय असतेच. पैसे बेताचे मिळतील, चहा आणि दुपारचं जेवण सोसायटीकडून. तो विचार करून सांगतो म्हणालाय. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर तसं कळवा. सकाळी दहाला यायचं, आणि येणार नसाल तर आदल्या रात्री फोन करायचा, कारण फाईल मी काढून ठेवलेली असते.