सातचा आकडा

फिशटँकच्या मेंटेनन्सचं काम म्हणजे मासे बघत बसायचं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस बादल्या उचलण्यात आणि उरलेला सोसायट्यांच्या गेटवर वहीत नाव लिहिण्यात जातो. पण कोथरूडच्या एका काकांकडे जायला मला आवडायचं. दोन फुटी, साठेक लिटरची टाकी, आत माजलेली हायड्रिला ही पाणवनस्पती आणि त्यात लालभडक चेरी श्रिंप, म्हणजे शोभेच्या छोट्या कोळंब्या. "तळायच्या कधी?" असं शेजारी विचारायचे. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

उन्हाळ्यापासून श्रिंप मरायला लागल्या. रोज एक, कधी दोन. बऱ्याचशा कात टाकतानाच अडकलेल्या, मानेमागे पांढरी रेघ उमटलेल्या. मी दर गुरुवारी सकाळी अकराला जायचो आणि पीएचचा पेन बुडवायचो. आकडा ६.९, कधी ७. अमोनिया नावापुरता. "पाणी झकास आहे काका," म्हणायचो आणि निघायचो. चेरी साडेसहापासून आठपर्यंत कुठेही सुखाने राहते, त्यामुळे पीएचवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं.

एका गुरुवारी पावसात गाडी बंद पडली आणि मी पोहोचलो संध्याकाळी साडेसातला. पेन बुडवला. ८.५.

पेन बिघडला, हा पहिला विचार. खरं तर माझा पेन बिघडत नाही. त्याचं टोक मी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं ठेवतो आणि दर सोमवारी बफरमध्ये, म्हणजे ४ आणि ७ अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, लावून घेतो. आमच्या धंद्यातले निम्मे लोक पेन आरओच्या पाण्यात बुडवून ठेवतात, नाहीतर कोरडाच खिशात टाकतात आणि वर गिऱ्हाइकाच्या पाण्याला नावं ठेवतात. पिशवीतून बफर काढला. सातला बरोबर सात. पेन शाबूत होता.

मग केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं पाण्यातलं प्रमाण. पाच मिली पाणी, त्यात एकेक थेंब, निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजत जायचं. पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं. निळं दिसलंच नाही. टाकी लावली तेव्हा हाच केएच ३ होता. मधल्या आठ महिन्यांत मी तो एकदाही तपासला नव्हता. पीएच बरा दिसतोय ना, मग कशाला थेंब घालवा, असा माझा हिशेब.

नऊ वाजले. "थांब, माझी वेळ झाली," म्हणत काका उठले. लांबट खतावणीची वही, शाळेतल्यासारखी परीक्षानळी आणि दुकानदाराने दिलेली 'पीएच डाउन'ची बाटली घेऊन आले. नळीत पाणी, त्यात तीन थेंब. रंग निळा. मग त्यांनी मापाने बाटलीतलं आम्ल टाकीत सोडलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा रंग पाहिला. हिरवा. वहीत लिहिलं: 'निळा. १२ थेंब. हिरवा.' अशी पानंच्या पानं भरलेली. समासात लाल शाईच्या फुल्या, मेलेल्या श्रिंपच्या.

त्या साध्या किटचा रंग ७.६ ला जो निळा होतो तो पुढे बदलतच नाही. ७.६ असो की ८.५, निळं ते निळंच. आणि ८.५ होत होतं कारण दिवा बारा तास चालू. झाडं दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणून संध्याकाळी पीएच चढतो आणि रात्री आपोआप उतरतो. तो किती चढेल-उतरेल ते केएच आवरून धरतो. काका आम्ल घालत, आम्ल केएच खाई, केएच कमी म्हणून दुसऱ्या दिवशी चढ मोठा, म्हणून थेंब जास्त. सात ते आठ एवढ्या चढात अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. कवच धरू पाहणाऱ्या जिवांना रोज हा झोका. आणि सकाळी अकराला मी जायचो तेव्हा पाणी उतरून नेमकं सातवर आलेलं.

दुकानदाराला मी मनातल्या मनात सणसणीत शिव्या दिल्या. ती बाटली विकताना त्याने केएच विचारायला हवा होता. मग वहीचं पहिलं पान उलटलं. तारीख माझ्या पहिल्या भेटीची. खाली काकांचं सुबक अक्षर: 'पीएच ७ असावा (मेंटेनन्सवाले).'

हे मी बोललो होतो. बूट घालता घालता, दारात.

काकांनी माझं लक्ष तिकडे गेलेलं पाहिलं, पण एक शब्द काढला नाही. बाटली मी त्याच रात्री पिशवीत टाकली. दिवा सात तासांवर आणला, रात्रीसाठी बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लावला आणि केएच हळूहळू वाढावा म्हणून फिल्टरमध्ये मूठभर कोरलचा चुरा जाळीत बांधून ठेवला. एकदम काही वाढवलं नाही, नाहीतर उरलेल्याही गेल्या असत्या. सहा आठवड्यांनी केएच ४ वर आला. आता सकाळी ७.४, संध्याकाळी ७.८. फुल्या थांबल्या आहेत, मॉसवर तिळाएवढी पिल्लं दिसतात.

परवा काकांनी वही पुढे ओढली. "केएच किती लिहू?"

"तीन ते पाच, काहीही चालेल."

"नेमका सांग."

"काका, नेमका नसतोच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ४ लिहिलं. खाली रेघ मारली.