‘सुंदर ते ध्यान’ मोठ्याने वाचताना

तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ हा अभंग आज चाल बाजूला ठेवून, केवळ अक्षरांच्या ओघाने मोठ्याने वाचला आणि त्यातील श्रद्धेचा स्वर फार स्पष्ट ऐकू आला. हा अभंग ज्या छंदात आहे, त्या ‘मोठा अभंग’ नावाच्या छंदात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, तर चौथा चारच अक्षरांचा असतो. ‘विटेवरी’ला ‘कटावरी’चे यमक मिळते, ‘ठेवोनिया’पाशी ओळ लवकर थांबते आणि त्या उरलेल्या अवकाशात नजर मूर्तीवर स्थिरावते. या ओळीत मागणे नाही, विनवणी नाही, निव्वळ पाहणे आहे. हेच तुकोबा अन्यत्र विठ्ठलाशी कडाडून भांडतात (ते भांडणही मला तितकेच भक्तीचे वाटते), तेव्हा असाच आखूड चौथा चरण ठणकावून विचारलेल्या जाबासारखा वाजतो.